‘उत्तम, मध्यम, वाईट’ या तीन रकान्यांवर एअरलाईन चालत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नऊ एटीआर विमानं (पंख्याची, ७० सीटची) असलेल्या एका प्रादेशिक एअरलाईनच्या प्लॅनिंग विभागात दोन वर्षं आहात. साहेबांनी पुढच्या पाच वर्षांचे सिनॅरिओ, म्हणजे भविष्य कसकसं वळू शकतं याची चित्रं, करून मागितलेत. तुम्ही एक्सेलमध्ये उत्तम, मध्यम आणि वाईट असे तीन रकाने पाडलेत, तेलाचा भाव, डॉलर आणि लोड फॅक्टर (किती टक्के सीट भरतात) वर-खाली केलेत, आणि आता घोडं अडलंय ते टक्क्यांवर. शक्यता २५-५०-२५ लिहू की २०-६०-२०?

टक्के लिहूच नका. कारण पुढे येईलच. त्याआधी तुमच्या प्रश्नात शेवटाकडे जाता जाता लिहिलेलं एक वाक्य तुम्हालाच परत वाचून दाखवतो: ‘शिवाय दोन विमानांचं लीज पुढच्या वर्षी संपतंय, त्याचंही बघायचंय.’ अहो, खरा प्रश्न हाच आहे. बाकीचा तक्ता त्याच्याभोवतीची सजावट. भविष्य कसं असेल हे साहेबांना नकोच आहे. दोन विमानं ठेवायची की परत करायची, हे येत्या काही महिन्यांत ठरवायचं आहे आणि तो निर्णय चुकला तर महाग पडेल, म्हणून त्यांना झोप लागत नाहीये. सिनॅरिओ करायचे ते अशा निर्णयासाठी. निर्णय नसेल तर ते दिवाळी अंकातल्या वार्षिक भविष्यासारखे वाचायचे आणि रद्दीत टाकायचे.

मी सव्वीस वर्षं नेटवर्क आणि फ्लीट प्लॅनिंगमध्ये (कुठे उडायचं, किती विमानं ठेवायची) काढली, तीन कंपन्यांत. त्यातली एक आता अस्तित्वात नाही, तेव्हा माझं ऐकताना तेही लक्षात असू द्या. तुमच्या लीज करारात काय लिहिलंय, कंपनीच्या मालकाच्या खिशात किती दम आहे, पायलट किती आहेत, यावर बरंच काही अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. पण विचार कसा करायचा, ते सांगू शकतो.

तीन रकाने का चालत नाहीत, ते मी २००८ साली शिकलो. त्या जानेवारीत अंधेरीच्या ऑफिसात बसून आम्ही तेलाचे तीन भाव धरले होते: उत्तम ८० डॉलर, मध्यम ९५, वाईट ११५. जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरला टेकलं. फायनान्समधला माझा मित्र फाईल घेऊन आला आणि म्हणाला, ‘आपण वाईटाच्याही बाहेर गेलो रे.’ त्याच वर्षी डिसेंबरात भाव चाळिशीच्या खाली आला. तोच मित्र, तीच फाईल. ‘आता उत्तमाच्याही बाहेर आहोत. पगार कुठून करायचे?’

कारण तेल उगाच स्वस्त झालं नव्हतं. अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, जगभर मागणी आटली, म्हणून ते उतरलं. त्याच मंदीने आमचे प्रवासी नेले. वर्षाच्या सुरुवातीला चाळिशीच्या आत असलेला डॉलर पन्नाशीला भिडला आणि लीजचं भाडं तर डॉलरमध्ये. त्यात २६ नोव्हेंबर. आमच्या ‘उत्तम’ रकान्यात स्वस्त तेल, भरलेली विमानं आणि तगडा रुपया गुण्यागोविंदाने एकत्र नांदत होते. जगात ते तसे क्वचितच एकत्र येतात. त्या तीन रकान्यांत गोष्ट एकच होती, फक्त आकडे चढे-उतरते. आणि टक्के लिहिले की वाचणाऱ्याची नजर थेट ५० टक्क्यांच्या रकान्यावर जाते आणि बाकी दोन कोणी उघडतसुद्धा नाही. बँकेला किंवा बोर्डाला बजेटचा एक आकडा लागतो, तो जरूर द्या. पण त्याला बजेट म्हणा, सिनॅरिओ म्हणू नका.

आता कामाला लागू. पहिल्यांदा ठरलेलं आणि न ठरलेलं वेगळं करा. कोयनेतून विसर्ग वाढवला की सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी बघायला लागतो. पाणी येणार हे त्याला माहीत असतं, प्रश्न फक्त किती आणि कधी. आपल्या धंद्यातही असं वाटेत असलेलं पाणी बरंच असतं, आणि लोक त्यालाच ‘अनिश्चितता’ म्हणतात. चिपीचं उदाहरण घ्या. सिंधुदुर्गचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तेव्हा शेजारच्या गोव्यात मोपा विमानतळाचं बांधकाम चालू होतं, सगळ्यांना दिसत होतं. जानेवारी २०२३ पासून मोपाहून उड्डाणं सुरू झाली आणि सावंतवाडी, बांद्याचा माणूस तिकडे वळला. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी उडान योजनेतलं अनुदान एका मार्गाला तीन वर्षं मिळतं, हेही पहिल्या दिवसापासून छापील होतं. २०२४ मध्ये ती मुदत संपली आणि मुंबई-चिपी सेवा थांबली, तेव्हा हळहळ सगळ्यांना वाटली. पण आश्चर्य वाटायचं काही कारण नव्हतं.

तुमच्या यादीत अशा गोष्टी भरपूर निघतील. तुमच्या ज्या मार्गांची अनुदानाची तीन वर्षं संपत आलीत, त्यांच्या तारखा तुमच्या कपाटात आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. मराठवाड्यातला जो गिऱ्हाईक ‘विमान नाहीतर रात्रीची बस’ असा हिशेब करायचा, त्याच्याकडे आता तिसरा पर्याय आहे आणि तो परत जाणार नाही. २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ ठरलेला आहे. यांवर सिनॅरिओ करू नका, थेट योजना करा.

ठरलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, ते डिसेंबर २०२५ मध्ये अख्ख्या देशाने पाहिलं. पायलटांच्या ड्युटीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. मग ते पुढे ढकलले गेले, आणि शेवटी जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर आणखी मर्यादा. तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोसारख्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं रोस्टर (क्रूच्या ड्युटीचं वेळापत्रक) कोलमडलं आणि ५ तारखेला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. बाहेर बसून शहाणपण सांगणं सोपं असतं, मला मान्य आहे. आत बसलेल्यांना ‘मागच्या वेळेसारखं याही वेळी पुढे ढकलतील’ असं वाटत असतं. मलाही अनेकदा वाटलंय.

आता न ठरलेल्या गोष्टी. तुमच्या तक्त्यात अशा चौदा आहेत. त्या दोन-तीनवर आणायच्या. त्यासाठी एकच चाळणी वापरा: ही गोष्ट उलटी झाली तर दोन विमानांचा निर्णय बदलेल का? बदलणार नसेल तर ती कितीही महत्त्वाची असो, बाजूला ठेवा. या चाळणीतून माझ्या मते तीन उरतात. तेलाचा भाव, इंजिनं आणि सुटे भाग वेळेवर मिळणं, आणि मुंबई-नवी मुंबईत सोयीच्या वेळेचे स्लॉट, म्हणजे उतरायच्या-उडायच्या ठरवून मिळालेल्या वेळा. तुमच्या चाळणीत वेगळ्या उरल्या तर तुमच्या खऱ्या धरा.

तेलापाशी जरा थांबतो, कारण इथेच तुमचा तक्ता उलटा पडलाय. तुम्ही महाग तेल ‘वाईट’मध्ये टाकलंय. भारतात एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, हा एअरलाईनचा सगळ्यात मोठा खर्च, त्यावर राज्यांचा व्हॅट वेगळा, आणि आपल्याकडे आगाऊ भाव बांधून घेण्याची पद्धत जवळपास नाही. म्हणून ते साहजिक वाटतं. पण तुमच्याकडे एटीआर आहेत. तासाभराच्या अंतरावर पंख्याचं विमान जेटपेक्षा बरंच कमी तेल पितं. तेल महागलं की मोठ्या कंपन्या आपली एअरबस नाशिकसारख्या छोट्या शहरांच्या मार्गांवरून काढून लांबच्या मार्गावर लावतात. तुमचा तोटा वाढतो हे खरं, पण स्पर्धाही कमी होते, भाडं वाढवता येतं. आणि जगभर सगळ्यांनाच पंख्याची विमानं हवी होतात, म्हणजे तुम्ही आज परत केलेलं विमान तेव्हा जास्त भाड्याने घ्यावं लागतं. उलट तेल स्वस्त झालं की तुमच्या मार्गावर १८० सीटचं विमान येतं आणि तुमच्या ७० सीटच्या विमानाचं भाडं पाडून जातं. तुमचा ‘उत्तम’ रकाना हा तुमच्या स्पर्धकाचा उत्तम आहे.

म्हणून मी चित्रं अशी काढीन. त्यांना १, २, ३ असे नंबर देऊ नका, नावं द्या. नाव दिलं की मीटिंगमध्ये लोक ते वापरतात, आणि वापरलं की लक्षात राहतं.

पहिलं, ‘महाग तेल, मोकळं आकाश’. वर सांगितलं तेच. रोकड ओढगस्तीची, पण मार्ग तुमचेच, आणि एटीआर बाजारात मिळत नाही.

दुसरं, ‘जत्रा’. तेल स्वस्त, नवी मुंबईच्या विमानतळामुळे स्लॉट मोकळे, सगळेच छोट्या शहरांकडे धावतायत. प्रवासी वाढतात, भाडी पडतात, आणि तुमचे पायलट मोठ्या कंपन्या उचलतात. नोटीस पिरियड कमांडरना (मुख्य पायलटना) एक वर्ष आणि को-पायलटना सहा महिने आहे खरा, पण राजीनामा दिलेला माणूस वर्षभर कुठल्या मनाने काम करतो, ते रोस्टरवाल्यांना विचारा.

तिसरं, ‘सगळं आहे, इंजिन नाही’. प्रवासी आहेत, स्लॉट आहेत, पण विमान जमिनीवर. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिची जवळपास निम्मी विमानं इंजिनाअभावी उभी होती. त्याच वर्षी जुलैत त्याच घराण्याच्या इंजिनांमधल्या धातूच्या भुकटीचा दोष जाहीर झाला आणि इंडिगोचीही सत्तरच्या वर विमानं उभी राहिली. तुमची इंजिनं वेगळी आहेत, पण ती दुरुस्त करणारी वर्कशॉप्स जगात मोजकीच आणि तिथली रांग तुमच्या हातात नाही.

यात एक उपकथानकही आहे. गो फर्स्ट पडल्यावर लीज देणाऱ्या कंपन्यांना आपलीच विमानं सोडवून घ्यायला जवळपास वर्ष लागलं. दिवाळखोरी कायद्यामुळे ती अडकली होती. कायदा नंतर बदलला, पण दरम्यान भारतात विमान देताना जास्त डिपॉझिट मागावं, हा धडा त्यांनी घेतला. म्हणजे दुसऱ्याचं बुडणं तुमच्या भाड्यात दिसतं. उलट बाजूही बघा. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, मुंबई-दिल्लीचे स्लॉट मोकळे झाले, आणि ज्यांच्याकडे विमान आणि क्रू तयार होता त्यांनाच ते घेता आले. आम्ही तेव्हा फक्त याद्या करत बसलो होतो.

आता या तीन चित्रांत तुमचा निर्णय ठेवून बघा. मोकळ्या आकाशात दोन्ही विमानं हवीत. इंजिन नसलेल्या जगातही दोन्ही हवीत, एक मार्गावर आणि एक राखीव. करारात मुभा असेल तर त्याचं इंजिन काढून दुसऱ्याला लावताही येतं. जत्रेत मात्र एक विमान ओझं होतं. म्हणजे दोन्ही परत करणं कुठल्याच चित्रात शहाणपणाचं नाही, आणि दोन्ही सहा वर्षांसाठी बांधून घेणं एका चित्रात गळ्याशी येतं. उत्तर यातूनच निघतं: दोन्हींची मुदत दोन-अडीच वर्षांनी वाढवून मागा, आणि वर्षभरानंतर त्यांतलं एक परत करायची मुभा लिहून घ्या. त्यासाठी लीजवाला महिन्याचं भाडं थोडं जास्त मागेल. ते द्यायचं. किती जास्त परवडेल, ते काढायला तुमचं एक्सेल उपयोगी पडेल. इथे पहिल्यांदा.

हे कधी चालणार नाही? परत करायच्या अटी कडक असतील तर. ठरावीक वापरानंतर बदलावाच लागतो अशा प्रत्येक भागाचा जन्मापासूनचा कागद लीजवाले मागतात. एकदा लँडिंग गिअरच्या एका भागाचा एक जुना कागद आमच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडेना. विमान रंग काढून, पांढरं होऊन हँगरमध्ये चार महिने उभं, आणि भाडं चालू. शेवटी तो कागद दुसऱ्याच विमानाच्या खोक्यात निघाला. चूक आमचीच होती. तेव्हा ‘मुभा’ कागदावर असून उपयोग नाही. विमान खरोखर परत करण्याच्या अवस्थेत आहे का, हे आजच इंजिनिअरिंगला विचारा.

मग खुणा. कुठलं चित्र खरं होतंय हे कशावरून कळेल, ते आधी लिहून ठेवायचं, आणि ती खूण कोण बघणार त्याचं पद लिहायचं. एटीएफचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, तो फायनान्सने बघायचा. वर्कशॉपमधून इंजिन परत यायला लागणारे दिवस इंजिनिअरिंगने. कमांडरचे राजीनामे क्रू विभागाने. स्पर्धक कुठे विमान लावतोय हे हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रकांत दिसतं, ते तुम्ही. एका महिन्याच्या आकड्यावर धावपळ करू नका, पण सलग तीन महिने एकाच दिशेने गेला तर काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. नाहीतर खूण दिसते, मीटिंग होते, चहा येतो आणि ‘आणखी एक महिना बघू’ असं ठरतं. अशा मीटिंगांचे मिनिट्स माझ्याकडे अजून आहेत.

कोणीतरी नक्की विचारेल, कोविड कोणाच्या सिनॅरिओत होता? विषाणू आमच्याही तक्त्यात नव्हता. पण २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश सुमारे सहा दिवस बंद पडलं. त्यानंतर आम्ही दरवर्षी एक प्रश्न विचारायचो: एकही उड्डाण झालं नाही तर किती दिवस तगू? मी एकदा तीस दिवस लिहिले, तेव्हा वरिष्ठ हसले होते. ‘तीन लिही. तीस दिवस काय युद्ध होणार आहे?’ २०२० मध्ये २५ मार्च ते २५ मे देशांतर्गत उड्डाणं पूर्ण बंद होती, आणि आंतरराष्ट्रीय नियमित सेवा मार्च २०२२ अखेरपर्यंत. तेव्हा कारण ओळखायची गरज नसते. पैसा यायचा थांबला तर पहिल्या आठवड्यात कुणाला फोन करायचा, कुठलं बिल थांबवायचं, कुठलं काही झालं तरी भरायचं, एवढं एका पानावर असावं लागतं. आणि हो, आगाऊ विकलेल्या तिकिटांचा पैसा हा तुमचा नाही. तो धरून दिवस मोजलेत तर फसाल.

सिनॅरिओ किती असावेत, असंही तुम्ही विचारलंय. ब्रिटिश एअरवेजने १९९४ मध्ये हा उद्योग केला तेव्हा दोनच केले होते. दोन किंवा तीन. चार केलेत तर चौथा कोणाला आठवत नाही.

आणि हे एकट्याने करू नका. सल्लागारही बोलावू नका (मी आता स्वतःच सल्लागार आहे, तरी सांगतो). विमान प्रत्यक्ष चालवणारी माणसं खोलीत हवीत. मागच्या वर्षी एका छोट्या कंपनीत आम्ही सिंहस्थासाठी नाशिकला जादा फेऱ्या आखत होतो. फळ्यावर सगळं सुंदर जमलं होतं. मागे बसलेल्या रोस्टरिंगच्या ताईंनी हात वर केला. ‘सकाळच्या सहाच्या फ्लाईटचा क्रू रात्री झोपणार कुठे? पर्वणीला नाशकात खोली मिळणार आहे का?’ पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग दोन वर्षं आधीच खोल्या धरायचं ठरलं. तोवरच्या दोन तासांत तेवढा एकच कामाचा निर्णय झाला होता.

तुम्हाला शुक्रवारी सादर करायचंय म्हणता. तर तीन रकान्यांची शीट बजेटच्या फोल्डरमध्ये टाका. एका पानावर सगळ्यात वर लिहा: ‘दोन विमानांचं काय करायचं?’ त्याखाली तीन चित्रं, प्रत्येकी चार ओळी. त्याखाली प्रत्येक चित्रात या प्रश्नाचं उत्तर काय, आणि खुणा कोण बघणार. बाकी जागा कोरी ठेवा. साहेब त्यावर पेनने काहीतरी लिहितील, आणि मुदतवाढीसाठी लीजवाल्यांना पत्र कधी पाठवायचं, हे तुम्हाला तिथेच विचारतील. त्याची तारीख करारात बघून जा. नोटीस द्यायची मुदत बहुतेक तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा जवळ असेल.